बुरिटोची पंगत

आमच्या मेक्सिकन हॉटेलाच्या उद्घाटनाला सारं धाड गाव जेवून गेलं, आणि संध्याकाळी गल्ला उघडला तर त्यात एक नारळ निघाला.

नारळ चांगला होता, पाण्याचा होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हॉटेल म्हटलं की गल्ल्यात निदान सुट्टे पैसे तरी असावेत, एवढी माझी साधी अपेक्षा होती. मी आयुष्याची उमेदीची वर्षं हॉटेलच्या धंद्यात घालवलेली बाई. धंदा कसा करायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी त्या दिवशी सकाळपर्यंत समजत होते.

धाडला मेक्सिकन हॉटेल आलं कुठून, ते आधी सांगते. माझा नवरा सुधाकर (अमेरिकेत सुधाकर, धाडच्या फाट्यावर गाडीतून उतरलं की 'आमचे हे') टेक्सासमधल्या एका मेक्सिकन हॉटेलात आधी भांडी घासायला लागला, मग कांदे चिरायला, मग तव्यावर. मालक म्हातारा झाला तेव्हा त्यानं हॉटेल आम्हालाच चालवायला दिलं. भटारखान्यात सुधाकर, गिऱ्हाइकांपुढं मी, आणि अभ्यास उरकला की गल्ल्यावर आमची लेक सलोनी. आख्खं घर त्या हॉटेलात राबायचं. गिऱ्हाइकं आम्हाला मेक्सिकनच समजायची. सुधाकरचा रंग आणि मिशा बघून लोक त्याच्याशी धडाधड स्पॅनिश सुरू करायचे आणि हा पठ्ठ्या 'सी, सी' करत मान हलवायचा. मला मात्र संताप यायचा. कुणी विचारलं की तुम्ही मेक्सिकोत कुठल्या, तर मी ताठ मानेनं सांगायची, "धामणगाव बढे, तालुका मोताळा." माझं माहेर आहे ते. लोक म्हणायचे, हो का, फार सुंदर भाग आहे असं ऐकलंय.

मग इकडं सासरे गेले, आत्याबाई (म्हणजे माझ्या सासूबाई) एकट्या पडल्या, तिकडं व्हिसाची भानगड झाली, आणि आम्ही बिऱ्हाड उचलून धाडला आलो. आता करायचं काय? सुधाकरला जगात एकच काम येतं. त्याचं म्हणणं असं की मका आपल्याकडं पिकतो, मिरची पिकते, टमाटे तर रस्त्यावर ओतायची वेळ येते. मेक्सिकोत तरी याहून वेगळं काय असतं? त्याचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, त्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मका तं ढोरं खातात बे."

दादांचं ऐकून घेणं भाग होतं, कारण जागा दादांची होती. बुलढाणा रोडवर त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि त्याला लागून असलेला गाळा रिकामा होता. दादांना त्यात सोयाबीनची पोती रचायची होती. सुधाकरनं फार गळ घातली तेव्हा त्यांनी अट घातली. साऱ्या घरासमोर, चहाची बशी हातात धरून.

"उद्घाटनाच्या दिवशी मी सोता दारात खुर्ची टाकून बसतो. लोकं पैशे देऊन खाऊन राह्यले असं दिसलं, तं गाळा तुह्या. नाई दिसलं, तं संध्याकाळी मी कुलूप लावतो, आन् तू उद्यापासून माह्यासंगं खताच्या काउंटरवर."

सुधाकर 'हाव' म्हणाला, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. एक तर त्याला युरियाचं पोतं लांबून दिसलं तरी शिंका येतात. दुसरं म्हणजे हा माणूस तव्यापुढं उभा असला की माणूस असतो, एरवी खुंटीवर टांगलेला शर्ट. इतकी वर्षं दुसऱ्याच्या भटारखान्यात, दुसऱ्याच्या देशात, तिसऱ्याच देशाचं जेवण रांधलं त्यानं. आपल्या गावात, आपल्या लोकांना, आपल्या हातचं एकदा खाऊ घालायचं, एवढीच त्याची हौस होती. आणि ती हौस दादांच्या त्या पितळी कुलपाला लटकली होती. मला त्याचं फार वाईट वाटायचं. म्हणून मी ठरवलं की उद्घाटन असं दणक्यात करायचं की दादांनी कुलूप विकून टाकलं पाहिजे.

मी कामाला लागले. दारावर भला मोठा हिरवा निवडुंग रंगवून घेतला, कारण मेक्सिकन हॉटेलला तो लागतोच. (येणारा जाणारा विचारायचा, "वैनी, चांगल्या दारावर निवडुंग काऊन काढला व? कोनाची नजर लागली का?") बाहेर भावाचा फलक लावला. पैसे घ्यायला मोबाइलचा तो चौकटीचा कोड छापून फ्रेम करून आणला आणि गल्ल्यावर गणपतीच्या तसबिरीशेजारी मांडला. सुधाकरसाठी ती मोठ्या काठाची टोपी टेक्सासहून आणलेलीच होती. भाताच्या सुपाएवढी आहे ती. मेनूची रंगीत कार्डं छापली. सगळ्यांना कामं वाटून दिली, आणि जाहिरातीचं खातं विश्वासानं आत्याबाईंकडं सोपवलं. अमेरिकेत मी जाहिरातीचा छोटा कोर्स केला होता. त्यात शिकवलं होतं की ज्याची माणसांत ओळख, त्यानंच निरोप न्यावा. आणि आत्याबाईंना धाडमध्ये ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "उद्या उद्घाटन आहे. घरोघरी जाऊन सांगून या, सगळ्यांनी यायचं म्हणून. तुमच्या पद्धतीनं सांगा."

'तुमच्या पद्धतीनं' हे शब्द माझ्या तोंडून गेले. कोर्समध्ये असंच सांगितलं होतं, स्थानिक पद्धत वापरा म्हणून.

आत्याबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. ताटलीत हळदकुंकू घेतलं, अक्षता घेतल्या, शेजारच्या दोघी बायका सोबत घेतल्या आणि दुपारी त्यांनी जी गल्ली धरली, त्या दिवेलागणीलाच परतल्या. पाय दुखत होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. मी विचारलं, सांगितलं का सगळ्यांना? त्या म्हणाल्या, "हाव, एक घर सोडलं नाई." मी खूश झाले. अक्षता कशाला लागल्या, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. मी मेनूकार्डावरच्या चुका शोधत बसले होते.

दुसऱ्या दिवशी फीत कापली, नारळ फोडला, आणि दादा कबूल केल्याप्रमाणं दारात खुर्ची टाकून बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत कुलूप. बाहेरून दिसत होतं त्याचं वजन.

सगळ्यांत आधी आले सखाराम पाटील, दादांचे शाळेपासूनचे दोस्त. सोबत बायको, दोन मुलगे, सुना, नातवंडं, आणि घरी मुक्कामाला आलेला दुसरबीडचा व्याही. मी तर हरखूनच गेले. पहिलंच गिऱ्हाईक, आणि तेही व्याह्यासकट! पाटलांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. मला वाटलं, उरलेला सालसा (मेक्सिकन लोकांची टमाट्याची पातळ चटणी) न्यायला आणला असेल. मी त्यांना टेबलाकडं बोट दाखवलं, तर त्यांनी दारात चपला काढल्या, दादांना रामराम केला, सगळ्या टेबलांकडं एकदा नाराजीनं बघितलं आणि मुलांना हाक मारली. त्या धिप्पाड मुलांनी माझी टेबलं उचलून भिंतीला लावून टाकली. व्याह्यांनी काखेतली सतरंजी झटकून अंथरली. मी बघतेय तोवर मागून आणखी घरं आली, त्यामागून आणखी, आणि माझ्या हॉटेलात मांडी घालून अशी सरळ ओळ बसली की लग्नात बसावी. सलोनी मेनूकार्डं वाटत फिरली. लोकांनी ती घेतली आणि वारा घ्यायला सुरुवात केली.

मी पाटलीणबाईंच्या कानाशी लागले. काकू, काय मागवू, म्हटलं. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, जे केलं असेल ते वाढ, आमच्याकडं तर सकाळपासून चूल पेटली नाही, तुझ्या सासूनं चूलबंद आवतन दिलंय ना.

माझ्या पायाखालची फरशी सरकली. तुमच्याकडं ही रीत नसेल तर सांगते. साधं आवतन म्हणजे घरातल्या एकानं यायचं. चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. तान्ह्या लेकरापासून काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी, पाहुणा असेल तर पाहुण्यानंही, यजमानाच्या दारात जेवायचं. मोठ्या कार्याला देतात हे आवतन. आणि माझ्या सासूबाईंनी ते अक्षता टेकवून, कुंकू लावून, आख्ख्या गावाला दिलं होतं.

मी तशीच मागं भटारखान्यात शिरले. आत्याबाई पाटावर बसून शांतपणे कोथिंबीर निवडत होत्या.

"आत्याबाई, हे हॉटेल आहे. लोकांकडून पैसे घ्यायचे असतात."

"कोनाकडून? सखाराम पाटलाकडून?" त्यांनी कोथिंबिरीतून मान वर केली. "त्यानं तुह्या लग्नात बुंदी वाढली होती. नव्या जागेचं दार उघडलं तं पंगत होते. आपल्या दारात जेवाले आलेल्या मान्साकडं पैशे मागाचे, हे तू तिकडं अमेरिकेत शिकली अशीन. मी नाई शिकली."

मी म्हटलं, बाहेर भावाचा फलक लावलाय की! त्या म्हणाल्या, फलकाचं त्यांना काय माहीत, त्यांना तो बाजारभाव वाटला असेल.

आता एकच उपाय होता. सुधाकरनं बाहेर जाऊन लोकांना नीट समजावून सांगायचं, की मंडळी, गैरसमज झालाय. मी त्याच्या डोक्यावर ती टोपी ठेवली (अधिकृत वाटावं म्हणून) आणि त्याला ढकललाच बाहेर. तो पंगतीपुढं जाऊन उभा राहिला. मी दाराआडून बघत होते. त्याचं तोंड उघडलं. मग मिटलं. मग परत उघडलं. मग तो आत आला आणि न बोलता राजम्याची बादली उचलून निघाला.

"काय झालं? सांगितलं का?"

"नाई सांगता आलं," तो म्हणाला. "पाटील म्हनले, सुध्या, गावात आला म्हून लय बरं वाटलं, आता तुह्या हातचं खाऊ घाल. मी काय बोलू मंग?"

त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले, पण माझे रागानं, असं मी त्याला सांगितलं.

आणि मग बाप्पा, जी काही वाढप सुरू झाली! पत्रावळ्या कुणीतरी पळत जाऊन आणल्या. बुरिटो वाढला. लोकांनी आधी तो उचलून दोन्ही बाजूंनी बघितला, मग गाठोडं सोडावं तसा सोडला, आतलं सगळं बाहेर काढलं, पोळीचा कुस्करा केला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, रस्सा? मी सालसा ओतला. कुस्करा भिजल्यावर चेहरे खुलले. कडक टाको वाढले, तर एका आजोबांनी हाक मारून सुधाकरला प्रेमानं सांगितलं की पापड चांगला आहे, पण तळताना दुमडला. पुढच्या वेळी चिमट्यानं दाबून धर. सालसा संपत आला तसा आत्याबाईंनी त्यात ठेचा घातला, शेंगदाण्याचं कूट घातलं आणि वरून फोडणी दिली. सुधाकरनं चव घेतली. मला वाटलं आता भडकेल. त्यानं आणखी एक पळी घेतली आणि म्हणाला, हे आपण तिकडं काऊन नाही केलं?

इकडं दारात दादांची वेगळीच पंचाईत झाली होती. ते बसले होते कोण पैसे देतं ते बघायला. पण गावाच्या लेखी हे घरचं कार्य, आणि घरचा थोरला दारात बसलाय म्हणजे तोच यजमान. जो येईल तो दादांच्या पाया पडायचा नाही तर हात धरायचा आणि म्हणायचा, दादा, आवतन पोचलं बरं. आता एवढ्यावर माणूस 'पैसे काढ' कसा म्हणेल? दादांच्या तोंडून आपोआप 'या, बसा' निघायचं. 'या, बसा' म्हणता म्हणता ते खुर्चीतून उठले. मग पंगतीकडं त्यांचं लक्ष गेलं, आणि शेवटच्या माणसाच्या पेल्यात पाणी नाही हे त्यांना दिसलं.

"पानी कोन पाहून राह्यलं बे?" दादा एवढ्या मोठ्यानं ओरडले की सुधाकरच्या हातातला झारा पडला.

झालं. त्यांनी कुलपाची पिशवी खुंटीला अडकवली, बाह्या वर सारल्या आणि पाण्याची बादली उचलली. पंगतीत फिरून फिरून 'घ्या, घ्या, अर्धा घ्या' करत लोकांच्या पानात बुरिटो टाकायला लागले. कुणी हात आडवा धरला की दादा रुसायचे. ज्या माणसाला आमचं हॉटेल बंद करायचं होतं तोच माणूस आमचा माल फुकट वाटत सुटला होता! पुरुषांची पंगत उठली, बायकांची बसायची होती, आणि आत येऊन बघते तर पीठ संपलेलं. मी म्हटलं, दादा, सांगून टाकूया आता, संपलं म्हणून. दादांनी माझ्याकडं असं बघितलं की जसं मी घराला आग लावायला निघाले होते. बाया उपाशी गेल्या तर घराची इज्जत काय राहील, असं त्यांचं म्हणणं. ते स्कूटरवर बसले आणि थोड्या वेळात मक्याच्या पिठाचं पोतं पायांत ठेवून आले. स्वतःच्या घरचा मका, दळून आणलेला. (तोच. ढोरं खातात तो.) जेवायला आलेल्या बायकाच मग पदर खोचून बसल्या आणि हातांवर टॉर्टिया थापायला लागल्या. त्या टॉर्टियांना सगळ्याजणी भाकरच म्हणत होत्या, आणि खरं सांगायचं तर ती भाकरच होती.

मी म्हटलं, निदान सलोनीनं गल्ल्यावर तरी काही केलं असेल. गेले बघायला. पोरगी बिचारी हात जोडून उभी होती. मी ती पैशांच्या कोडाची फ्रेम गणपतीशेजारी ठेवली होती ना? जेवून हात धुतलेली सगळी मंडळी जाताना गणपतीला कुंकू लावत होती, आणि शेजारी कुठला तरी अमेरिकेचा देव असेल म्हणून त्यालाही लावत होती. एका भाविकानं हारही घातला. त्या कोडाचा आता एकही काळा ठिपका दिसत नव्हता. आणि पाटलीणबाईंनी गल्ला उघडून त्यात शुभ म्हणून नारळ ठेवला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढं आहेर होता! चूलबंद आवतनाला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. मला आणि सुधाकरला भिंतीला लावलेल्या खुर्च्या ओढून त्यांवर बसवण्यात आलं. त्या मेक्सिकन टोपीवर लोकांनी गांधी टोप्या घालायला सुरुवात केली. एकीवर एक, एकीवर एक. खांद्यावर टॉवेल. माझ्या हातात चिमटा होता, तो काढून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच हातावर नारळ, त्यावर ब्लाउजपीस, त्यावर आणखी ब्लाउजपीस. माझ्या आयुष्यातलं पहिलं स्वतःचं हॉटेल, आणि मी तिथं मालकीण म्हणून नव्हे, तर नव्या नवरीसारखी खाली मान घालून बसले होते.

संध्याकाळी सगळे गेले. हॉलमध्ये पत्रावळ्या, नारळ आणि कापडाचा ढीग. सुधाकर त्या ढिगाशेजारी टोप्यांचा मनोरा डोक्यावर घेऊन बसला होता. दादांनी हात पुसले, खुंटीवरून पिशवी काढली आणि कुलूप बाहेर काढलं. मला त्या क्षणी खरंच रडू आलं. दिवसभर राबून, गावानं बोटं चाटून जेवून, शेवटी हा माणूस उद्यापासून युरिया मोजणार.

"लाव दादा," सुधाकर म्हणाला. "एकानंबी पैशे नाई दिले. पन जेवले. माह्या हातचं जेवले सारे." आणि तो हसला. रडला असता तर परवडलं असतं.

दादा शटरपाशी गेले. तेवढ्यात बाहेरून सखाराम पाटील परत आले. तांब्या विसरला होता त्यांचा. तांब्या घेतला आणि जाता जाता दादांना म्हणाले, पुढच्या आठवड्यात नातवाचं जावळ आहे, सुधाकरला सांग, ते दुमडलेले पापड आणि ते गाठोडं पाहिजे, साऱ्या सोयऱ्यांना. आणि शेवटी ते वाक्य बोलले, जे ऐकायला मी सकाळपासून कान टवकारून होते.

"किती पैशे होतीन, ते आताच सांगून ठेव."

मी उडालेच. नारळ गडगडले. दादा, बघा, ऐका, पैसे! मी दादांकडं बघितलं. दादा पाटलांकडं बघत होते, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"सखाराम," दादा म्हणाले, "काऊन बे लाजवतं? तुह्याकडून पैशे घेईन का मी?"

मला वाटलं, मीच आता ते कुलूप घेऊन स्वतःच्या कपाळावर मारून घ्यावं. सुधाकरनं डोक्यावरचा टोप्यांचा मनोरा काढून मांडीवर ठेवला. आत्याबाईंनी मात्र आतून 'बरोबर बोलला' म्हणून पाठिंबा दिला. सखाराम पाटील दारात घुटमळले. फुकट जेवायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं. मग म्हणाले, बरं, पैसे नको तर नको, आहेर करतो. पाकिटात घालून देतो. आहेराला तर नाही म्हणणार नाहीस?

दादांनी विचार केला. आहेराला नाही कसं म्हणणार? आहेराला नाही म्हणणं म्हणजे माणसाचा अपमान. "आहेराले काई हरकत नाई," ते म्हणाले. आणि हातातल्या कुलपाकडं असं बघितलं की हे आपण कशाला आणलं होतं. ते परत पिशवीत गेलं. सुधाकर तिथंच ढिगाला टेकला आणि त्याला हसू आवरेना. या वेळी मात्र खरं हसू होतं. मी आत जाऊन चिमटा भिंतीवर आपटला. आनंदानं.

तर अशा रीतीनं आमचं हॉटेल उभं राहिलं, ते आजही चालू आहे. भावाचा फलक मी उतरवला. गल्ल्याच्या जागी पितळी ताट ठेवलंय, त्यात कुंकू, अक्षता आणि कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा. लोक जेवतात, पाकीट भरतात, वर न चुकता एक रुपया जास्तीचा टाकतात आणि हात जोडून जातात. मेनूत पदार्थापुढं रक्कम असते, पण वर शीर्षक आहे 'आहेर अंदाजे'. ही सलोनीची अक्कल. ब्लाउजपीस इतके साठले की मी ते तिरपे कापून दोऱ्यांवर लावले आणि छतभर पताका सोडल्या. टॉवेल भटारखान्यात लागतात. टोप्यांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

दादा रोज दारात खुर्ची टाकून बसतात. खताचं दुकान पोरगा बघतो. आता त्यांचं एकच काम: येणाऱ्याला या-बसा करायचं आणि जाताना आग्रहानं विचारायचं, पोट भरलं का. आणि त्यांचा एक नियम आहे, तो त्यांनी आजपर्यंत मोडलेला नाही. गावच्याकडून आहेर चालतो. पण घरचा सोयरा निघाला, माझ्या माहेरचं किंवा त्यांच्या सासरचं कुणी निघालं, तर पाकिटालाही हात लावू द्यायचा नाही. वर नारळ देऊन वाटेला लावायचं. आणि बुलढाणा जिल्ह्यात माणूस शोधायला गेलं तर कुणीही कुणाचा सोयरा निघतो. म्हणून दादा पाहुण्यांशी गप्पा मारायला लागले की मी धावत जाऊन विषय बदलते.

परवा पुण्याची एक मंडळी अजिंठ्याला जाताना थांबली. मोठी गाडी, आठ-दहा माणसं. भरपूर खाल्लं. कुणाला कुस्करून दाखवावं लागलं नाही. एक बाई छताकडं बघून म्हणाल्या की या पताका अगदी अस्सल मेक्सिकन वाटतात, कुठून मागवल्या? मी आपली हसले. एका पताकेच्या कोपऱ्यात बॉलपेननं 'पाटलीणबाईंकडून' लिहिलेलं होतं, त्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून मी मध्ये उभी राहिले. मग त्या ताटातलं पाकीट उचलता उचलता म्हणाल्या, "फार बरं वाटलं हो इथं. माझंही माहेर याच जिल्ह्यातलं, धामणगाव बढे. ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

दारात दादांची खुर्ची करकरली. त्यांनी मान वळवून कान इकडं केला होता.

मी पाकिटं बाईंच्या पुढं सरकवली आणि ताठ मानेनं सांगितलं, "मेक्सिकोची."